रस्ता विक्रमी, हवा अंदाजे!

मे महिन्यातली दुपार. अमरावतीहून अकोल्याकडे निघालेली मोटार महामार्गालगतच्या एका पंपावर थांबते. डिझेल भरून होते. हवेच्या नळीजवळचा पोरगा विचारतो, 'किती ठेवू, साहेब?' साहेब काच अर्धी खाली घेऊन सांगतात, 'ऊन लय आहे, तीसच ठेव.' चारही टायरमधली थोडी थोडी हवा बाहेर जाते, काच वर होते आणि मोटार मूर्तिजापूरच्या दिशेने वेग घेते. उन्हाने टायर फुटू नये म्हणून आपण खबरदारी घेतली, याचे साहेबांना समाधान असते. प्रत्यक्षात टायर फुटण्याची शक्यता त्यांनी आत्ताच वाढवून घेतलेली असते.

'उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी' हा वऱ्हाडातील वाहनचालकांमध्ये घट्ट रुजलेला समज आहे. वडिलांनी मुलाला सांगितलेला, पंक्चरवाल्याने गिऱ्हाइकाला सांगितलेला, कधी तपासून न पाहिलेला. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाने गाडी हाकावी लागे, तोवर या समजाची किंमत झिजलेल्या टायरमध्ये आणि थोड्या जादा इंधनात भागत होती. आता रस्ते बदलले आहेत आणि त्यासोबत किंमतही.

रस्त्यांनी कात टाकली

अमरावती-अकोला हा रस्ता म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग सहा, आताचा त्रेपन्न. त्याचे चौपदरीकरण अनेक वर्षे रखडले होते. मग जून २०२२ मध्ये याच रस्त्याने जगाचे लक्ष वेधले. ३ जूनच्या सकाळी सुरू झालेले डांबरीकरण ७ जूनच्या सायंकाळपर्यंत अखंड चालले आणि १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराचा ७५ किलोमीटर लांबीचा थर टाकून झाला. दुपदरी रस्त्याच्या हिशेबात ही लांबी साडेसदतीस किलोमीटर भरते. गिनीज बुकात या विक्रमाची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधील दोहा येथील होता, २०१९ सालचा, पंचवीस किलोमीटरच्या किंचित वर.

त्याच वर्षी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. हा मार्ग अमरावती जिल्ह्यातून जातो. अकोलेकरांनाही कारंजा लाडकडून त्यावर चढता येते. मोटारींना येथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. सिग्नल नाही, चौक नाही, गुरे आडवी येत नाहीत. चालकाने मनात आणले तर दोन-अडीच तास पायाखालचा ॲक्सिलरेटर न उचलता गाडी पळवता येते.

थोडक्यात, वऱ्हाडातील मोटारचालकाला इतक्या सलग वेगाचा रस्ता आयुष्यात प्रथमच मिळाला. टायरमधली हवा मात्र तो अजूनही जुन्या रस्त्याच्या हिशेबाने, म्हणजे अंदाजाने भरतो आहे.

तापतो कोण, उन्हाने की वाकण्याने?

उष्णतेने हवा प्रसरण पावते, बंद जागेत तिचा दाब वाढतो, हे शाळेत शिकवले जाते. 'उन्हाळ्यात हवा कमी' हा समज याच अर्धवट ज्ञानावर उभा आहे. तापमान साधारण साडेपाच ते सहा अंशांनी वाढले की मोटारीच्या टायरमधला दाब एक पीएसआयने वाढतो. पहाटे तीस अंशांना ३३ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा दुपारी रस्त्यावर धावताना ६५ अंशांवर गेली, असे धरले तर मापकावर आकडा ३८च्या पुढे दिसेल. इथवर सगळे खरे आहे.

चूक पुढच्या पायरीवर होते. हा वाढणारा दाब टायर बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेला असतो. सुस्थितीतील टायर पाच-सहा पीएसआयच्या वाढीने फुटत नाही. टायरचा खरा शत्रू दाब नसून त्याच्या रबरात साठत जाणारी उष्णता आहे. आणि या उष्णतेचा मोठा वाटा उन्हाचा नसतो, तो टायरच्या स्वतःच्या वाकण्याचा असतो.

चाक फिरते तेव्हा जमिनीला टेकणारा भाग क्षणभर चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. मोटारीचे चाक ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात मिनिटाला जवळपास नऊशे फेऱ्या घेते. म्हणजे टायरची बाजूची भिंत मिनिटाला नऊशे वेळा दुमडते आणि उलगडते. लोखंडी तार हातात धरून सारखी वाकवली तर वाकलेल्या जागी ती गरम होते आणि अखेर तुटते. टायरचे तेच होते. आत हवा पुरेशी असेल तर भिंत ताठ राहते आणि कमी वाकते. हवा कमी असेल तर ती अधिक वाकते, अधिक तापते. रबराचे थर आणि त्यातील तारांचे पट्टे यांची पकड सैल होत जाते आणि एखाद्या क्षणी टायर उसवतो. रस्त्यावरच्या माणसाला केवळ धडाका ऐकू येतो आणि तो म्हणतो, 'उन्हाने फुटला.'

यात आणखी एक गोष्ट नजरेआड होते. मोटारीचे ओझे टायरचे रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा कमी झाली की टायरची वजन पेलण्याची ताकदही उतरते. मे महिना हा लग्नसराईचा. पाच माणसे, आहेराच्या पिशव्या, डिकीत बॅगा, एसी पूर्ण आणि काटा शंभरच्या पुढे. टायरकडून सर्वाधिक काम करून घेण्याचा हा काळ आणि नेमक्या याच काळात त्यातली हवा काढली जाते.

दुपारची हवा, पहाटेचा हिशेब

पंपावरच्या त्या साहेबांकडे पुन्हा वळू. त्यांच्या मोटारीसाठी कंपनीने ३३ पीएसआय सांगितले आहेत, असे समजा. धावून तापलेल्या टायरमध्ये त्यांनी तीसच हवा ठेवायला लावली. रात्री गाडी अकोल्यात उभी राहिली. पहाटे टायर थंड झाल्यावर त्याच टायरमध्ये किती हवा उरेल? वरच्याच हिशेबाने उत्तर येते, पंचवीसच्या आसपास. म्हणजे शिफारशीपेक्षा जवळजवळ पावपट कमी. 'तीस' हा आकडा खोटा नव्हता, तो चुकीच्या वेळी वाचलेला होता.

कंपनी सांगते तो दाब नेहमी 'थंड' टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चालली आहे असा टायर. वऱ्हाडात याचा व्यवहारी अर्थ एकच, हवा सकाळी तपासावी, ऊन चढण्याआधी, घराजवळच्या पंपावर. प्रवासात मध्येच आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा काढणे ही चूकच होय.

हिवाळ्यात हाच हिशेब उलटा फिरतो. मे महिन्याच्या पहाटे तीस अंशांना भरलेली ३३ पीएसआय हवा जानेवारीच्या पहाटे बारा अंशांना तीसवर येते. शिवाय सुस्थितीतील टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय झिरपून जातो. दिवाळीनंतर हवा न पाहिलेली गाडी संक्रांतीला कमी हवेवर धावत असते आणि चालकाला त्याची जाणीवही नसते, कारण आजच्या रेडियल टायरचे पोट थोडी हवा कमी असली वा नसली तरी सारखेच फुगलेले दिसते. लाथ मारून हवा जोखण्याची पद्धत त्यामुळे कधीच निकालात निघाली आहे.

चिखलदऱ्याला जाणारे पर्यटक परतवाड्यात हवा थोडी काढून घेतात, असाही एक प्रघात आहे. घाटमाथ्यावर, सुमारे अकराशे मीटर उंचीवर, बाहेरची हवा विरळ असल्याने मापकावर एखादा पीएसआय जादा दिसतो हे खरे. मात्र वरचा गारवा तेवढाच दाब कमीही करतो. दोन्ही परिणाम एकमेकांना जवळपास खोडून काढतात. घाटासाठी हवा काढण्याचे काहीही कारण उरत नाही.

उन्हाचा वाटा किती?

याचा अर्थ वऱ्हाडच्या उन्हाला दोष नाही, असे नव्हे. अकोल्याचे ऊन हा चेष्टेचा विषय राहिलेला नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू केले. दंगलीसाठी राखलेले कलम उन्हासाठी वापरावे लागले. कामगारांना सावली व पाणी देणे, खासगी शिकवण्या दुपारी न घेणे असे निर्बंध त्यात होते. अशा दिवशी काळ्या डांबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. टायरला आपली उष्णता बाहेर टाकायला थंड जागाच मिळत नाही.

परंतु नेमक्या याच कारणाने इथे कमी हवेची चैन परवडत नाही. नाशिकच्या थंड हवेत कमी हवेचा टायर कदाचित निभावून नेईल. अकोल्यात त्याला चुकीची भरपाई करायला वाव नाही. ऊन, वेग, ओझे आणि कमी हवा हे चौघे एकत्र आले की टायर हरतो. पहिल्या तिघांवर चालकाची सत्ता मर्यादित असते. चौथ्यावर ती पूर्ण असते.

जगाने हा धडा फार महागात शिकला आहे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातील बहुसंख्य फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवर होते. टायरचा पट्टा सुटून गाड्या उलटल्या आणि या अपघातांत २७१ जणांचा बळी गेल्याची नोंद तिथल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेकडे झाली. टायरच्या रचनेतच दोष असल्याचे चौकशीत आढळले. पण वादाचा एक मुद्दा हवेचाही होता. फोर्डने त्या गाडीसाठी २६ पीएसआय इतका कमी दाब सुचवला होता आणि टायर कंपनी नंतर तीसचा आग्रह धरत होती. अपघातांचे प्रमाण टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत अधिक होते, ही बाब वऱ्हाडने विशेष ध्यानात घ्यावी अशी. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला आणि पुढे सप्टेंबर २००७पासून प्रत्येक नव्या मोटारीत हवा घटल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. हवा शिफारशीपेक्षा पावपट घटली की तिथे चालकापुढे दिवा लागतो. म्हणजे आपल्या साहेबांची गाडी त्या दिव्याच्या उंबरठ्यावर होती.

'देवाची करणी' नव्हे

टायर फुटला की आपल्याकडे नशिबाला बोल लावून विषय संपवला जातो. या मानसिकतेला मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलेल्या निकालाने छेद दिला. पुण्याहून मुंबईला निघालेल्या मोटारीचा मागचा टायर ऑक्टोबर २०१० मध्ये फुटला, गाडी दरीत कोसळली आणि ३८ वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. टायर फुटणे ही 'देवाची करणी' असल्याने भरपाई देता येणार नाही, असा युक्तिवाद विमा कंपनीने केला. न्यायालयाने तो फेटाळला. अतिवेग, कमी हवा, जादा हवा, जुना वापरलेला टायर, तापमान अशी टायर फुटण्याची कारणे असू शकतात. चालकाने अथवा मालकाने प्रवासाआधी टायरची स्थिती तपासायला हवी. ही मानवी हलगर्जी आहे, असा या निकालाचा आशय आहे. सव्वा कोटी रुपयांची भरपाई कायम राहिली.

या निकालाचा अर्थ केवळ विम्यापुरता नाही. हवा किती होती, हा प्रश्न त्याने नशिबाच्या खात्यातून काढून जबाबदारीच्या खात्यात टाकला.

'टायर फुटला' हे कारण किती सोयीचे असते, याचेही उदाहरण वऱ्हाडाजवळच आहे. १ जुलै २०२३च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला. टायर फुटल्याने ताबा सुटला, असे चालकाने सुरुवातीला सांगितले. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने पाहणी केली, तेव्हा टायर फुटल्याचा पुरावा घटनास्थळी आढळला नाही. टायर हा असा साक्षीदार आहे की तो कधी खरा गुन्हेगार असतो, तर कधी दुसऱ्याचा गुन्हा त्याच्या माथी मारला जातो. दोन्ही वेळा सत्य कळण्यासाठी तपासणी हवी असते आणि ती अपघातानंतरच होते, हे दुर्दैव.

तपासणीचा अर्धा भाग

परिवहन विभागाने २०२३ मध्ये समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर पाहण्याची मोहीम हाती घेतली. गुळगुळीत टायरच्या गाड्यांना परत फिरवण्यात आले. पाऊल योग्य होते. मात्र नजरेला दिसते ती झीज. हवा नजरेला दिसत नाही, ती मापकानेच दिसते. महामार्गावर चढण्याआधी चार टायरचा दाब पाहायला तीन-चार मिनिटे पुरतात. नवा कोरा टायर कमी हवेवर १२०च्या वेगाने जाणार असेल, तर झिजेची तपासणी अर्धीच ठरते.

नायट्रोजनचा गाजावाजाही तपासून घ्यायला हवा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणे आणि रबरात सिलिकॉन मिसळणे सक्तीचे करण्याचा विचार बोलून दाखवला होता. नायट्रोजन कोरडा असतो, थोडा सावकाश झिरपतो, हे त्याचे फायदे. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोघांचा दाब सारख्याच नियमाने वाढतो. पैसे देऊन नायट्रोजन भरला म्हणून सहा महिने मापक लावायचा नाही, ही समजूत घातक आहे. फुकटची हवा महिन्यातून दोनदा तपासलेली बरी.

केंद्र सरकारने जुलै २०२०च्या नियमदुरुस्तीने काही मोटारींना स्टेपनीविना धावण्याची मुभा दिली. त्यासाठी ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचे साहित्य आणि दाब दाखवणारी यंत्रणा असण्याची अट आहे. ही यंत्रणा हळूहळू मध्यम किमतीच्या मोटारींतही दिसू लागली. पण वऱ्हाडच्या रस्त्यांवर दहा-बारा वर्षांच्या जुन्या मोटारी असंख्य आहेत. त्यांच्यासाठी खिशातला मापक हीच यंत्रणा. काही शे रुपयांत तो मिळतो आणि पंपावरच्या मापकावर विसंबण्याची वेळ येत नाही.

राहता राहिला प्रश्न, हवा किती? याचे उत्तर पंपावरच्या पोराकडे नाही, शेजाऱ्याकडे नाही आणि टायरवरही नाही. टायरच्या भिंतीवर कोरलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. ती शिफारस समजून ठासून हवा भरणारेही आहेत. असा टायर मधूनच झिजतो, त्याची पकड घटते आणि खड्ड्याचा दणका थेट बसतो. योग्य आकडा चालकाचे दार उघडले की चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. पुढच्या-मागच्या चाकांसाठी आणि कमी-जास्त माणसांसाठी तिथे वेगवेगळे आकडे असतात. गाडी भरलेली असेल तर जास्तीचा आकडा घ्यायचा. उन्हाळ्यासाठी तिथे निराळा आकडा दिलेला नसतो, कारण त्याची गरजच नसते.

पाच दिवसांत पंचाहत्तर किलोमीटरचा थर टाकणाऱ्यांनी रस्ता मोजूनमापून केला. थराची जाडी मोजली, डांबराचे तापमान मोजले, मिनिटेही मोजली. त्या रस्त्यावर धावणाऱ्यांनी निदान चार टायरची हवा मोजावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

(चौकट)
लांबच्या प्रवासाआधी

* हवा सकाळी, थंड टायरमध्ये तपासावी. दाराच्या चौकटीवरील आकडा प्रमाण मानावा.
* तापलेल्या टायरमधील हवा काढू नये. आकडा कमी दिसला तर मात्र तापलेल्या टायरमध्येही भरून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावे.
* नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला मोटारीचा टायर नियमाने बाद ठरतो. खाचांमधील उंचवटे पृष्ठभागाच्या पातळीला आले की टायर बदलावा.
* टायरवरील चार आकडी कोरीव खूण त्याचे वय सांगते. '२३१९' म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर न झिजताही कडक होते, भेगाळते.
* भिंतीवर फुगा किंवा चीर दिसली तर हवा कितीही योग्य असो, महामार्गावर चढू नये.
* स्टेपनीची हवा विसरू नये. व्हॉल्व्हची टोपी बसवून घ्यावी.